काढलं म्हणे!

प्रिंटर भंगारात गेला, तरी त्याचं सॉफ्टवेअर रोज सकाळी 'शाई संपत आली' म्हणून बोंबलतंय. ते काढायला अनइन्स्टॉल दाबावं तर एरर 1612. म्हणजे काय, तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात लपलेल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरातली एमएसआय, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची फाइल, गायब. खाल्ली कोणी? जागा मोकळी करतो म्हणणाऱ्या त्या फुकट्या क्लीनरने! अहो, काढायची कृतीच त्या फाइलीत असते. आता अगदी त्याच आवृत्तीचा सेटअप शोधा, उतरवा, त्यावरच दुरुस्ती चालवा, मग काढा. घाण काढायला आधी घाण आणायची.

त्यात म्हापशाचा पाऊस. काढताना अर्ध्यावर लाइट गेली की फाइली गेलेल्या, सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा भाग, मात्र शाबूत. हुशार मंडळी रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली) 'अनइन्स्टॉल'खालची नोंद उडवून खूश होतात. त्याने फक्त यादीतलं नाव जातं! सर्व्हिस आधी थांबवा, मग अ‍ॅडमिन म्हणून 'एससी डिलीट' (sc delete) ही कमांड आणि पुढे तिचं नाव. तेही साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत. पॉवरशेल ही तसलीच दुसरी खिडकी; विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये 'एससी'चा अर्थच वेगळा, 'फाइलीत लिही': सर्व्हिस तशीच राहते आणि वर 'डिलीट' नावाची नवी फाइल जन्माला येते.