शंकरण्णाचे ते 'वाया गेलेले' सिनेमे

परवा सकाळी बेंगळुरूत जयनगरहून यशवंतपूर स्टेशनला जायला ऑटो पकडली. मागच्या बाजूला नेहमीसारखा कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नागचा, म्हणजे इथल्यांच्या शंकरण्णाचा मोठा फोटो, आणि आत आरशाच्या वर अजून एक छोटा, त्याला शेवंतीची ताजी माळ. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, हा गेला तेव्हा तुझा तर जन्मपण झाला नव्हता ना रे? तर म्हणाला, सर, अप्पानं पहिली ऑटो घेतली तेव्हा आधी शंकरण्णाचा फोटो लावला, देवाचा नंतर. हे सांगताना सिग्नलला थांबल्या थांबल्या त्याने सीटखालचं फडकं काढून त्या छोट्या फोटोची काच पुसली, माळ न हलवता, एका बोटाने कडा पण पुसल्या.

आणि त्याच संध्याकाळी एका ओळखीच्या, नाटकवाल्या, चांगल्या वाचणाऱ्या माणसाने मला ऐकवलं की शंकर नाग जीनियस होता पण अर्धं आयुष्य मारामारीच्या सिनेमात वाया घालवलं. हे मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. मला हे अजिबात पटत नाही.

आपल्याकडे बहुतेकांना तो 'मालगुडी डेज'चा दिग्दर्शक किंवा अनंत नागचा धाकटा भाऊ एवढाच माहीत असतो. मूळ आडनाव नागरकट्टे, घरात कोकणी, जन्म होन्नावर तालुक्यातल्या मल्लापूरचा, 9 नोव्हेंबर 1954. शिक्षण झाल्यावर मुंबईला आला आणि तिथे मराठी नाटकांत पार बुडाला. त्याची बायको अरुंधती भेटली ती पण तिथेच, नाटकाच्या तालमीत. चापेकर बंधूंवरचा '22 जून 1897' हा मराठी सिनेमा आठवतो ना, त्याच्या पटकथेत शंकर नागचा हात होता. म्हणजे हा पोरगा घडला तो आपल्या तालमीच्या हॉलमध्ये, चहा आणि चटईवर, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही.

मग 1978 ला गिरीश कार्नाडांनी त्याला 'ओंदानोंदु कालदल्ली'मध्ये भाडोत्री योद्ध्याचं काम दिलं. पहिलाच सिनेमा, आणि 1979 च्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस. आता कुणीही अशा ठिकाणी म्हटलं असतं की आपण आर्टवाले, आपण निवडक कामं करू. त्याने 1980 ला 'आटो राजा' केला. खाकी शर्ट घालून रिक्षा चालवणारा हिरो. आणि त्याच वर्षी स्वतः दिग्दर्शन केलेला 'मिंचिन ओट', गाड्या चोरणाऱ्यांची गोष्ट, ज्याला राज्य पुरस्कार मिळाले. एकाच वर्षात दोन्ही! तोच माणूस, तेच डोकं, मग एकाला कला म्हणायचं आणि दुसऱ्याला वाया घालवणं म्हणायचं हे कुठलं लॉजिक?

'आटो राजा' मी इथे आल्यावर पाहिला, शेजारच्या काकांच्या घरी, त्यांच्याबरोबर, सबटायटलशिवाय. गोष्ट म्हणाल तर साधीच आहे. पण त्याचं रिक्षात बसणं बघा. कुठलाही हिरो ड्रायव्हरच्या सीटवर बसला की कॅमेऱ्यासाठी बसतो, हा बसतो ते दिवसभर बसायचंय अशा बेताने, खांदे जरा सैल, मान रस्त्याकडे. काका मध्येच म्हणाले की त्याआधी ऑटोवाला म्हटलं की लोक तोंड वाकडं करायचे, याने आम्हाला हिरो केलं. काका स्वतः तीस वर्षं ऑटो चालवलेले. त्यांच्यासमोर बसून तो सिनेमा फालतू आहे असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही, आणि तसं वाटलंही नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर हो, त्या सिनेमांमधून पैसा आला. तो गेला कुठे ते बघा ना. कन्नड सिनेमाला रेकॉर्डिंग, डबिंगसाठी मद्रास गाठावं लागायचं, याने बेंगळुरूत 'संकेत' नावाचा स्टुडिओ उभा केला. नाटक सुरूच. 'अ‍ॅक्सिडेंट'सारखा सिनेमा केला, फुटपाथवर झोपलेल्या माणसांना गाडीखाली चिरडून सुटू बघणाऱ्या बड्या घरच्या पोराचा, तेही 1985 ला, जेव्हा असं काही सिनेमात बोलायची फॅशन नव्हती. कन्नडचे सुपरस्टार राजकुमार, त्यांना घेऊन 'ओंदु मुत्तिन कथे' केला, त्यात पाण्याखालचं शूटिंग. ऐंशीच्या दशकात हा माणूस बेंगळुरूला मेट्रो पाहिजे म्हणून बोलत होता, आणि इथली पहिली मेट्रो धावली 2011 ला. मी रोज तिनेच ऑफिसला जातो आणि खरं सांगतो, एम जी रोडला उतरताना कधीकधी त्याची आठवण येते.

मालगुडीबद्दल वेगळं सांगायला नको, ती धून सगळ्यांच्या कानात आहेच. एवढंच सांगतो की जिथे तिचं शूटिंग झालं त्या आगुंबेला जाऊन या. शिमोगा जिल्ह्यात घाटमाथ्यावर, पाऊस असा की कपडे चार दिवस वाळत नाहीत. तिथलं ते मोठं लाकडी खांबांचं घर अजून आहे, ओसरीवर बसलं की मालिकेतला छोटा स्वामी शाळेतून आत्ता येईल असं वाटतं. एका आख्ख्या गावाला त्याने मालगुडी करून टाकलं, गावातल्या माणसांना घेऊन. हे ज्याला जमतं त्याला सामान्य माणूस कळतो, आणि मला वाटतं तो कळला ते मारामारीचे सिनेमे करता करता, थेटरातल्या पुढच्या रांगेतल्या पब्लिकसमोर. त्याच्या 'सांग्लियाना' सिनेमातला पोलीस आणि मालगुडीतली माणसं एकाच कारखान्यातून आलीत.

30 सप्टेंबर 1990. 'जोकुमारस्वामी' सिनेमाच्या शूटिंगला लोकापूरकडे निघाले होते, दावणगेरेजवळ आनगोडूला गाडीला अपघात झाला. शंकर जागीच गेला, वय 35. सोबत अरुंधती आणि छोटी मुलगी, दोघी जखमी. बारा वर्षांत 80 च्या आसपास सिनेमे केलेला माणूस.

पुढचं सगळं अरुंधती नागचं. 'पा'मधली आजी म्हणून तुम्ही तिला ओळखता, नॅशनल अवॉर्ड मिळालं त्यासाठी. त्या बाईने सावरून, पैसे जमवून, 2004 ला जे पी नगरला 'रंग शंकरा' हे नाटकाचं थिएटर उभं केलं. तिथे नाटक ठरल्या वेळेला म्हणजे ठरल्या वेळेलाच सुरू होतं. मी एकदा पाच मिनिटं उशिरा पोचलो, दार बंद. विनवण्या केल्या, नाही म्हणजे नाही. खाली कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा खात दोन तास बसलो आणि वरून हशा ऐकू येत होता. राग आला होता तेव्हा, आता नाही. बाहेर पार्किंगमध्ये ऑटो उभ्या, त्यांच्या मागे पण तोच फोटो. आत त्याच्या नावाचं थिएटर, बाहेर त्याच्या फोटोची ऑटो, आणि दोघांनाही तो आपलाच वाटतो, दुसऱ्या कुठल्या नटाबद्दल हे मी तरी पाहिलेलं नाही.

त्या सकाळच्या पोराने उतरताना सांगितलं, 9 नोव्हेंबरला स्टँडवर या सर, पूजा असते, जेवण असतं. जाणार आहे.

आणि एक विनंती. सत्तरच्या दशकात मुंबईत ज्यांनी शंकर नागबरोबर नाटक केलं, तालमी बघितल्या, साधा डबा जरी शेअर केला असेल, त्यांनी प्लीज लिहा. इथे त्याचं सगळं जपलंय लोकांनी, फक्त ती मुंबईची वर्षं कुणाकडे नाहीत, ती तुमच्याकडेच आहेत.