फासे आवाजासाठी असतात म्हणे!

माझी भाची सहा महिन्यांपासून आपल्या चार मित्रमैत्रिणींसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवते. हा गोष्टीचा खेळ: बाकीचे एकेक कॅरेक्टर खेळतात, आणि ती गेम मास्टर म्हणून बाकीचं जग, मॉन्स्टर आणि निकाल सांभाळते. परवा मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून बघत होतो. चोराचं कॅरेक्टर खेळणारा मुलगा बुरुजावर दोर टाकून चढत होता. वीस बाजूंचा फासा त्याने सगळ्यांदेखत टाकला. १८ पडले, कौशल्याचे ७ मिळवून २५ झाले. कामासाठी ठरलेला आकडा गाठला की ते जमतं. पोरं ओरडली. मास्टर आपले कागद-फासे ज्याच्या आड ठेवतो, त्या छोट्या पडद्यामागून भाची शांतपणे म्हणाली, "हात सुटला. पडलास."

"म्हणजे? कितीला पास होतं?"

"मी म्हणेन तितक्याला."

तो आणखी काहीतरी बोलला. लगेच निरभ्र आकाशातून त्याच्या चोरावर वीज कोसळली आणि १२ हिट पॉइंट, म्हणजे कॅरेक्टरचा तेवढा जीव, गेले. पोरगं गप्प बसलं. पुढच्या शनिवारी आलंच नाही.

"हे काय केलंस गं?" म्हणून विचारलं, तर तिने मोबाईल पुढे केला. 'खऱ्या गेम मास्टरचे सात नियम.' "अरे मामा, सगळे हेच म्हणतात." सगळे म्हणजे तोच एक फॉरवर्ड, जो मलाही तीन ग्रुपवर आलेला आहे. दोनदा न वाचता सोडून दिला होता. आता घरातच वीज पडल्यावर वाचणं भाग होतं.

ते सात नियम असे. टेबलावर मास्टर हा देव, त्याचा शब्द कायदा. फासे फक्त आवाजासाठी, निकाल तुम्ही आधीच ठरवलेला असावा. हुज्जत घालणाऱ्याला त्याच्या कॅरेक्टरमधून धडा शिकवा. कशाला किती लागतं ते कधीही सांगू नका. खेळाडू फार जिंकत असतील तर तुम्ही कमी पडताय. खेळाच्या जनकानेच हे सगळं लिहून ठेवलंय. आणि ज्याला पटत नसेल त्याला दार उघडं आहे.

सहाव्या नियमापासून सुरू करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्या खांद्यावर बसलेत. जनक म्हणजे गॅरी गायगॅक्स. (हा खेळ १९७४ साली आला तो गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांच्या नावावर. आर्नसनला विसरायची जुनी खोड आहे, ती इथेही दिसतेच.) गायगॅक्सने १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे मास्टरसाठीच्या पुस्तकात, फासे आणि खेळाचा ताबा या विषयावर एक छोटा भाग लिहिलाय. फॉरवर्डवाल्याने त्यातलं एक वाक्य उचललं: घटना अमुक दिशेने जाव्यात असं वाटत असेल, तर मास्टरला फासे कधीही डावलता येतात. हे वाक्य तिथे आहे. नाकारत नाही.

पण पुढचं वाक्य वाचायला काय झालं होतं? तो लगेच बजावतो की असा निर्णय घेताना खेळाडूंच्या गटाचं किंवा मास्टरच्या हातातल्या पात्राचंही गंभीर नुकसान कधी करू नका. वर हेही, की मॉन्स्टरलासुद्धा रास्त संधी द्या. मॉन्स्टरला! मग तो हेही सांगतो, की खेळाडू नीट खेळला, काळजी घेतली, आणि तरी एखाद्या विचित्र फाशामुळे त्याचं लाडकं कॅरेक्टर मरायला आलं, तर मरणाऐवजी बेशुद्धी किंवा एखादी इजा द्यायला हरकत नाही. आणि मूर्खपणा केला असेल, तर मात्र फासे पडतील तसे पडू देत. म्हणजे ज्या परिच्छेदाच्या जोरावर हे फासे मोडायला निघालेत, त्याच परिच्छेदात फासे मोडायचे ते खेळाडूला वाचवायला, पाडायला नव्हे, असं स्वच्छ लिहिलंय. २५ आलेल्या पोराला बुरुजावरून ढकलण्याची परवानगी त्यात कुठे सापडली, ते दाखवावं.

आता तिसरा नियम, ज्याने माझं डोकं खरं फिरलं. आणि इथेच मला जड मनाने एक गोष्ट कबूल करावी लागते: वीजही त्याच पुस्तकात आहे. खेळ नासवणाऱ्या खेळाडूंचं काय करायचं, यावर गायगॅक्स लिहितो. पहिला उपाय सरळ आहे, त्यांना जायला सांगा. पण हाकलण्याआधीच्या कडक पायऱ्या म्हणून तो खरोखरच एखादा जादा मॉन्स्टर सोडणं, आकाशातून वीज पाडणं आणि कॅरेक्टरच्या 'करिश्मा'चा (छाप पाडण्याच्या ताकदीचा) एक गुण कायमचा कापणं असं सुचवतो. हुज्जतखोरांचा उल्लेखही आहे. तेव्हा फॉरवर्डवाला इथे पूर्ण खोटं बोलत नाही.

मग काय? गायगॅक्स चुकला. खेळ शोधणाऱ्याच्या तोंडून निघालेलं सगळंच सोनं नसतं, आणि ४० वर्षांहून जुनी मिश्कील शिक्षा आजही नियम म्हणून वाटायची काही गरज नाही. शिवाय तो बोलत होता ते दुसऱ्यांचा खेळ बिघडवण्यातच ज्यांना मजा येते अशांबद्दल. "कितीला पास होतं?" हा प्रश्न खेळ बिघडवत नाही. उलट तो खेळाडू नियम गंभीरपणे घेतोय, एवढंच त्यातून कळतं.

या शिक्षेतली खरी घाण वेगळीच आहे. भांडण झालं दोन माणसांचं, टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे. ते मिटवायचं तर माणसासारखं बोलावं लागतं: "आत्ता पुढे जाऊ, संपल्यावर बोलू." त्याऐवजी मास्टर गोष्टीत शिरतो, जिथे सगळी शस्त्रं त्याच्याच हातात आहेत, आणि तिथून बदला घेतो. समोरच्याला त्या लढाईत उतरायचीसुद्धा सोय नाही. विजेवर तो कसला रोल करणार? शिवाय बाकीच्या तिघांनाही कळतं की या जगात वीज पडते ती ढगांमुळे नाही, मास्टरच्या मूडमुळे. त्यानंतर कोणी दोर टाकत नाही. सगळे मास्टरचा चेहरा वाचत बसतात. भाचीच्या टेबलावर मी तेच पाहिलं: वीज पडल्यावर पुढचा तासभर एकाही पोराने स्वतःहून काही सुचवलं नाही. "आम्ही पुढे जातो." "दार उघडतो." बस.

फासे आवाजासाठी, हा दुसरा नियम. हे वाक्य पूर्वी गंमत म्हणून फिरायचं, आता ते धर्मवचन झालंय. साधा प्रश्न आहे. निकाल ठरलेलाच असेल, तर फासा टाकायला सांगता कशाला? बुरुज चढणं अशक्य असेल तर "दगड गुळगुळीत आहे, दोर अडकत नाही" असं सांगा आणि मोकळे व्हा, तो अधिकार मास्टरचाच आहे. पण फासा हातात दिलात की तुम्ही शब्द दिलात: याच्यावर काहीतरी ठरणार आहे.

लपून खेळाडूच्या बाजूने फासे फिरवण्याबद्दल मी थोडा मऊ आहे. याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या गाइडमध्येही पडद्यामागे रोल करून निकाल बदलायची मुभा आहे. पण सोबत इशाराही आहे, की हे फार वेळा करू नका, नाहीतर खेळाडूंना वाटेल धोका खरा नाहीच, किंवा तुम्ही कोणाची तरी बाजू घेताय. लहानपणी लपाछपीत एखादं लिंबूटिंबू असायचं. त्याच्यावर राज्य येत नसे, पण त्यात फसवणूक नव्हती, कारण सगळ्यांना माहीत असायचं आणि त्या पोरालाही. पडद्यामागे फासे फिरवणारा मास्टर एखाद्या मोठ्या माणसाला न सांगता लिंबूटिंबू करून टाकतो. ज्या ड्रॅगनला मारल्याची बढाई तो दोन वर्षं मारतोय, तो ड्रॅगन मास्टरने दयेने पाडला होता, हे त्याला एक दिवस कळतं. कळतंच. म्हणून मी स्वतः उघड्यावर रोल करतो. कोणाला वाचवायचंच झालं, तर "हा फासा मला मान्य नाही, पुन्हा टाक" असं तोंडावर म्हणतो.

मेसेजमध्ये या नियमाखाली एक स्पष्टीकरणही आहे, की लागोपाठ तीनदा २० पडले तर तुमची गोष्ट कोसळेल. त्याची शक्यता ८,००० मध्ये एक आहे. ज्या टेबलावर ते होतं, तिथले लोक म्हातारपणापर्यंत तीच गोष्ट सांगतात. तुमची ठरवलेली गोष्ट कोणाला आठवत नाही, माफ करा.

आकडा लपवणं, हा चौथा नियम. हे चवीवर आहे. काही मास्टर सांगतात, काही नाही. कुलपाला किती लागतं हे चोराला कळू नये, हे मला पटतं. पण रोल झाल्यावरही लपवायचं, हे वेगळं. पाचव्या आवृत्तीच्या तक्त्यात मध्यम कामाला १५, अवघडला २०, अतिअवघडला २५ आणि जवळपास अशक्यला ३० लागतात. दोर लावून बुरुज चढणं, तेही पाऊस नसताना, कुठल्या हिशेबाने ३० ला जातं? भाचीने आकडा लपवला नव्हता. तिच्याकडे आकडाच नव्हता.

पाचव्या नियमावर वेळ घालवणार नाही. मास्टरच्या पोतडीत मॉन्स्टरांची कमतरता नाही, हवे तर दर दाराआड पन्नास उभे करता येतात. असा माणूस जिंकला तर त्यात कौतुक कसलं?

राहिला पहिला, देवाचा. याला आधार म्हणून मेसेजमध्ये जुन्या युद्धखेळांतल्या पंचाचा दाखला आहे, आणि तोही निम्माच. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने प्रशियाच्या सैन्यासाठी जो क्रीगश्पील, म्हणजे युद्धाच्या सरावाचा खेळ, मांडला, त्यात पंच होता पण त्याच्यासमोर तक्ते आणि फासेही होते. नियम फार किचकट झाले म्हणून १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्नुआ या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून सगळं पंचाच्या अनुभवावर सोडायची पद्धत मांडली. इथपर्यंत ठीक. पण तो पंच दोन बाजूंच्या मध्ये उभा असायचा, त्याची स्वतःची फौज नसायची. आपला गेम मास्टर मॉन्स्टरही खेळतो आणि निकालही देतो. वकील आणि न्यायाधीश एकच असेल, तर त्याच्यावर जास्त बंधनं हवीत की कमी? देवाशिवाय खेळ होत नाही, हेही खोटं. २००९ च्या 'फियास्को' या अशाच गोष्टीच्या खेळात गेम मास्टरच नाही. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये मास्टर आहे, पण फासे फक्त खेळाडू टाकतात. दोन्ही खेळ उत्तम चालतात.

सातवा नियम, दार उघडं आहे. हो, आहे. चोर खेळणारा पोरगा त्याच दाराने गेला. मेसेजवाल्याला हा विजय वाटत असेल. टेबलावर चारचे तीन झाले आणि बुरुजावर दोर टाकणारं कोणी उरलं नाही.

हे सगळं मी भाचीला एवढं लांबवून सांगितलं नाही. गायगॅक्सचा तो परिच्छेद काढून तिच्यापुढे ठेवला आणि बुरुज तिच्या मते कितीला होता ते विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पंधरा असेल." रात्री तिने त्या मुलाला मेसेज केला: "बुरुज १५ ला होता. तू चढलास. शनिवारी वरूनच सुरू करू."

दहा मिनिटांनी उत्तर आलं: "आणि वीज?"