ब बदकाचा, ड डमरूचा

बेवारस सॉफ्टवेअरची दया येणे हा एक आजार आहे आणि तो मला साधारणपणे रात्री अकरानंतर जडतो. त्या रात्री मी माझ्या लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या फोनसाठी एखादे कूटबद्ध, म्हणजे तिसऱ्याला वाचता येणार नाही अशा, गप्पांचे अ‍ॅप मिळते का, एवढेच पाहत होतो. अ‍ॅप मिळाले. त्यातला शेवटचा बदल पाच वर्षांपूर्वीचा होता, आणि मूळ कर्त्याने अत्यंत सभ्य शब्दांत लिहून ठेवले होते की आता आपल्याला वेळ होत नाही, कोणी पुढे चालवणार असेल तर आनंदच आहे. शहाण्या माणसाने अशा ठिकाणी थोडे हळहळावे आणि झोपायला जावे. मी ‘फोर्क’ नावाचे, म्हणजे सगळ्या कोडची प्रत आपल्या नावावर करून देणारे, बटण दाबले आणि एका क्षणात, एकही ओळ न लिहिता, त्या प्रकल्पाचा पालनकर्ता झालो. परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या नमुन्याचा होता. हे सॉफ्टवेअर उपयोगी पडेल अशा आशेने दिले आहे, हमी मात्र कसलीही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. तो मजकूर सॉफ्टवेअरबद्दल आहे अशी माझी तोवर समजूत होती. तो पालनकर्त्यालाही लागू पडतो हे पुढे कळले.

तशी टाकून दिलेले उचलून घेणे ही आमच्या पंथाची परंपराच आहे. २०११ मध्ये मीगो या लिनक्सवरच्याच प्रणालीचा नोकिया एन-९ आला आणि त्या वाटेवर पुढे कोणी नाही असे दिसताच २०१३ मध्ये योला कंपनीचा सेलफिश प्रणालीचा फोन आला. त्याच वर्षी उबुंटूच्या फोनची घोषणा झाली, २०१७ मध्ये उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने ते काम थांबवले, आणि यूबीपोर्ट्स या गटाच्या स्वयंसेवकांनी ते पोर पदरात घेतले. त्यामानाने मी घेतलेले पोर अगदीच लहान होते, असे मी मनाला समजावले.

पहिल्या कम्पाइलला, म्हणजे कोडचे चालते अ‍ॅप बनवायला घेताच, चारशेच्या आसपास चुका निघाल्या. रात्रभर बसून पहिल्या वीस दुरुस्त केल्या, तेव्हा त्या सहाशे झाल्या. कारण आता कम्पायलर पुढच्या फाइलींपर्यंत पोचू लागला होता आणि याला आमच्यात प्रगती म्हणतात. अ‍ॅप क्यूटी ५ या, पडदे-बटणे रचण्याच्या साधनसंचासाठी लिहिलेले होते आणि डिसेंबर २०२० पासून जग क्यूटी ६ कडे निघाले होते. ते ओपनएसएसएल १.१.१ या ज्या कूटलेखनाच्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, विसंबून होते, तिची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली होती. शिवाय त्याने गृहीत धरले होते की प्रत्येक लिनक्समध्ये ग्लिबसी ही मूळ लायब्ररी असतेच, आणि माझ्या फोनवरच्या प्रणालीत तिच्या जागी ‘मसल’ नावाची लायब्ररी होती, जी नावाने बलदंड आणि प्रत्यक्षात मुद्दाम सडपातळ ठेवलेली आहे. एवढे सगळे निस्तरल्यावर, हौसेला मोल नाही या न्यायाने, मी शेवटचे बिल्ड फोनवरच करायचे ठरवले. फोनला दोन जीबी मेमरी. चार तास तो तापत राहिला, आणि सगळे तुकडे जोडण्याच्या शेवटच्या पायरीला मेमरी संपल्यामुळे कर्नेलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, जोडणाऱ्या प्रोग्रामलाच मारून टाकले. पडद्यावर एकच शब्द उमटला: ‘किल्ड’. चार तासांच्या श्रमांवर इतका नेमका अभिप्राय मला आजवर कोणी दिलेला नाही.

या अ‍ॅपची गुप्तता ‘ओमेमो’ या पद्धतीवर उभी होती. ही पद्धत २०१५ ची आहे आणि ती एक्सएमपीपी या १९९९ सालापासून, म्हणजे तेव्हाच्या जॅबरपासून, चालत आलेल्या संदेशव्यवस्थेवर काम करते. ओमेमोचे पूर्ण रूप ‘ओमेमो मल्टी-एंड मेसेज अँड ऑब्जेक्ट एन्क्रिप्शन’ असे आहे, म्हणजे पहिल्या ‘ओ’चा अर्थ विचारला तर उत्तरात पुन्हा ओमेमोच येते. पत्ता विचारल्यावर ‘आमच्या घराशेजारीच’ म्हणून सांगणारी माणसे असतात, त्यांनीच हे नाव ठेवले असावे. पण आतली यंत्रणा देखणी आहे, हे मान्य करायलाच हवे. तिचा गाभा ‘डबल रॅचेट’. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने फिरणारे दातेरी चाक. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली तयार होते, एकदा वापरली की नष्ट केली जाते, आणि चाक एक दाता पुढे सरकते. त्यामुळे आजची किल्ली चोराच्या हाती लागली तरी कालचे बोलणे उघडत नाही. हा गुण किती निर्दयपणे पाळला जातो याचा अनुभव मला लवकरच येणार होता.

त्याआधी झोपेचा प्रश्न होता. लिनक्सचा फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडदा काळा होताच गाढ झोपतो, आणि त्याला हलवून उठवणारी मोठ्या कंपन्यांची नोटिफिकेशन-यंत्रणा आमच्याकडे नसते. परिणामी, संदेश आला आहे का ते पाहायला मी फोन उचलला की संदेश येई. न उचलला तर येत नसे. मी फोनला झोपूच न देण्याची सोय केली. मग दुपारपर्यंत बॅटरी संपू लागली, आणि पूर्ण संपली की त्याचे घड्याळ थेट १ जानेवारी १९७० वर जाई, कारण युनिक्सचा काळ तिथून मोजला जातो. चालू होताच, इंटरनेटवरून वेळ जुळायच्या आतच, माझे अ‍ॅप उत्साहाने सर्व्हरकडे धावे, सर्व्हरचे ओळख पटवणारे प्रमाणपत्र तपासे आणि हे तर अर्ध्या शतकानंतरचे आहे म्हणून ते फेटाळून लावे. फोनच्या बाजूनेही विचार करायला हवा. असल्या प्रमाणपत्रांच्या मुळाशी असलेली सार्वजनिक किल्लीची, म्हणजे जोडीतली एक किल्ली खुशाल जगजाहीर करण्याची, कल्पना डिफी आणि हेलमन या संशोधकांनी मांडली १९७६ मध्ये. म्हणजे त्याच्या हिशोबाने मी ज्या गणिताचा आग्रह धरत होतो ते सुचायलाच अजून सहा वर्षे होती. वाईट एवढेच की, एकदा बिनसले की ते अ‍ॅप पुन्हा म्हणून प्रयत्न करत नसे. फार स्वाभिमानी होते. तो स्वाभिमान काढून टाकायला मला दोन आठवडे लागले.

गप्पांच्या अ‍ॅपला दुसरा माणूस लागतो, ही अडचण त्यानंतर लक्षात आली. मित्रांनी माझे फोन उचलणे बंद केले होते, म्हणून मी ताईला गाठले. ताईने आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवले असल्यामुळे तिच्या अंगी असीम धीर आहे. तिच्या साध्या फोनवर याच पद्धतीचे एक चालते-बोलते अ‍ॅप घातले आणि आता फक्त परस्परांचे ठसे पडताळायचे राहिले. ठसा म्हणजे ज्याच्या-त्याच्या ओळख-किल्लीची ६४ अक्षरे, आठ-आठच्या आठ गटांत, त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे. ती साध्या कॉलवर वाचून दाखवली तरी चालते, कारण ठसा गुप्त नसतो. सांगणारा आवाज तेवढा ओळखीचा हवा. तिसऱ्या गटात माझ्याकडे ‘बी’ होता आणि ताई ‘डी’ म्हणत होती. आमच्या दोघांच्या मध्ये कोणी तिऱ्हाईत किल्ली बदलून बसला आहे, या शक्यतेचा मी पूर्ण पाच मिनिटे गंभीरपणे विचार केला.

“अरे, नीट बोल,” ताई म्हणाली. “ब बदकाचा की ड डमरूचा?”

“बदकाचा.”

“मग माझ्याकडेही बदकच आहे. पुढे चल. आणि तो ‘सी’ म्हणजे स सशाचा ना?”

अशा रीतीने अत्याधुनिक कूटशास्त्राचे ६४ टप्पे आम्ही अंकलिपीच्या आधाराने पार केले. मग माझ्या पडद्यावर, कुलपाच्या चित्रासह, पहिला संदेश उमटला: ‘मिळाला का?’ मी ‘मिळाला’ असे लिहून पाठवले. त्यावर ताईने कानातल्या कॉलवरून विचारले, “मग आता फोन ठेवू का?”

पुढचे तीन आठवडे आम्ही सुखाने बोललो. मग मी अ‍ॅपची नवी आवृत्ती चढवताना काहीतरी बिघडवले आणि जबाबदार माणसाप्रमाणे आठवडाभरापूर्वीचा बॅकअप परत बसवला. फोनला वाटले आपण मागच्या आठवड्यात आहोत. तो जुन्या किल्ल्यांनी कुलपे लावून संदेश पाठवू लागला, आणि त्याच किल्ल्या ताईच्या फोनने वापरून केव्हाच फेकून दिल्या होत्या. उलटे फिरणार नाही म्हणूनच ज्या चाकाचे मी कौतुक केले होते, ते माझ्यासाठीही उलटे फिरले नाही.

“तुझे तीन संदेश आले,” ताईने कॉल करून कळवले. “तिन्हींवर ‘उघडता येत नाही’ असे लिहिले आहे. फारच गुप्त असेल काही.”

दोन दिवस खटपट करून मी हरलो, सगळ्या किल्ल्या पुसल्या आणि अ‍ॅप कोरे करून पुन्हा सुरू केले. त्याने तत्परतेने मला नवी ओळख दिली. मी ताईला फोन लावला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो की ठसा जरासा बदलला आहे, ६४ अक्षरांनी.

“थांब, चष्मा घेते,” ती म्हणाली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “हं, म्हण. पहिले बदकाचे का?”

“डमरूचे,” मी म्हणालो.