उसनी शिडी

जिन्यात एक आजोबा भेटले. सौजन्य म्हणून मी विचारलं, "नवीन आलात का इथे?"

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "तुमच्याच डोक्यावर राहतो."

त्या रात्री मला छताकडे बघून झोप लागेना. सोळा घरांची इमारत, आणि मी माणसं ओळखतो ती दाराच्या भिंगातून. ठरवलं, आता सगळ्यांना एकत्र आणायचं. बायको म्हणाली, "आधी आपल्या घरातल्यांना जेवायच्या वेळी एकत्र आणून दाखवा." मी दुर्लक्ष केलं. समाजसेवेची सुरुवात बहुधा अशीच होत असावी.

ग्रुपवर निरोप टाकला: रविवारी सहा वाजता गच्चीवर स्नेहमेळावा. सत्तावीस अंगठे आले. पण अंगठ्यांना पाय नसतात. रविवारी गच्चीवर मी, ओढून आणलेली बायको आणि वाळलेले कपडे काढायला आलेले एक गृहस्थ, एवढेच होतो. गृहस्थांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, घडी झाल्यावर "बरंय" म्हणाले आणि मेळावा संपला.

मग मी वाचायला बसलो. (हरलेला माणूस एक तर भांडतो, नाही तर वाचतो.) लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीत मैत्री कशी जुळते हे तपासून 1950 मध्ये छापलं होतं. लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांपैकी 41 टक्के जवळचे मित्र निघाले. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला फक्त 10 टक्के. म्हणजे मैत्री स्वभावावर कमी आणि येण्याजाण्याच्या वाटेवर जास्त ठरते. या हिशेबाने समोरच्या दारातला माणूस माझा जिवलग हवा. तो गेली चार वर्षं, मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दाराआड थांबतो. मला माहीत आहे, कारण मीही तेच करतो.

पुढे अठराव्या शतकातला अमेरिकी राजकारणी बेंजामिन फ्रँकलिन सापडला. विधिमंडळातला एक सदस्य त्याच्या विरोधात होता. फ्रँकलिनने त्याची मनधरणी केली नाही. त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक उसनं मागितलं. माणूस कायमचा मित्र झाला. मला मार्ग दिसला: उपकार करायचे नाहीत, मागायचे!

पहिली स्वारी आजोबांकडे. शिडी मागितली. त्यांनी मला चष्म्यावरून, मग चष्म्यातून पाहिलं आणि शिडीबरोबर स्वतःही खाली आले. "अहो, नीट टेकवा" इथपासून "अरे गाढवा, पाय कुठे ठेवतोयस?" इथपर्यंतचा प्रवास एका बल्बमध्ये झाला. बल्ब उडालेला नव्हता, हे मी सांगितलं नाही.

मग मला चटकच लागली. काकूंकडून ड्रिल, चादरवाल्या गृहस्थांकडून सायकलचा पंप, समोरच्यांकडून चार घडीच्या खुर्च्या. परत काही केलं नाही. परत केलं की संबंध संपला, असं माझं शास्त्र. तीन महिन्यांत आमच्या बैठकीच्या खोलीत आडवं चालावं लागू लागलं. बायकोने फ्रँकलिनची गोष्ट स्वतः वाचली आणि शांतपणे म्हणाली, "त्याने ते पुस्तक आठवड्याभरात परत केलं होतं."

त्याच रविवारी बेल वाजली. काकू ड्रिल न्यायला आल्या होत्या. ते सापडेपर्यंत आजोबा शिडीसाठी आले. मागोमाग पंपवाले. बसायला त्याच चार खुर्च्या, त्यांतल्या तीन भरल्या. खुर्च्यांचे मालकही आले. उठवणार कोणाला, म्हणून ते चौथीवर बसले. मग माझ्या वस्तुसंग्रहाची पाहणी सुरू झाली.

"ही शिडी तुमची? मी नवी आणणार होते हो!"

"ड्रिल आहे तुमच्याकडे? माझं कपाट वर्षभर जमिनीवर टेकून उभं आहे."

दोन तास चाललं. मधल्या अर्ध्या तासाचा विषय मी होतो, आणि त्यात अख्ख्या इमारतीचं जे एकमत झालं तसं पार्किंगच्या बाबतीत कधी झालेलं नाही. मला उभ्यानेच ऐकावं लागलं. शेवटी शिडी काकूंकडे गेली, ड्रिल समोर, पंप कोणीतरी तिसऱ्यानेच नेला. खोली रिकामी झाल्यावर लक्षात आलं, माझी पक्कडही गेली.

जिन्यात धावलो. "आजोबा, माझी पक्कड?"

"मी घेतलीय," ते न थांबता म्हणाले. "हवी असेल तर वर ये. अकरा वर्षांत एकदा तरी आलायस का?"