बिनखर्चाची सुट्टी

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धाकटा माझ्या उशाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, कंटाळा आला."

शाळा असते तेव्हा याच मुलाला उठवायला तीन माणसं लागतात. एक पांघरूण ओढायला, एक पाय धरायला आणि एक नुसती ओरडायला. सुट्टीत मात्र तो कोंबड्याच्या आधी उठतो आणि उठतो तोच कंटाळलेला. झोपेत एवढा कसला कंटाळा येतो, ते मला अजून कळलेलं नाही.

यंदा मी घरात जाहीर केलं होतं की शिबिरं नाहीत, मॉल नाही, नवं खेळणं नाही. घरात आहे त्यात भागवायचं. बायको म्हणाली, "छान," आणि ऑफिसला निघून गेली. माझं ऑफिस घरातच, जेवणाच्या टेबलावर असतं. त्या 'छान'चा अर्थ मला तिसऱ्या दिवशी लागला.

अभ्यास केला नव्हता असं मात्र नाही. अमेरिकेत रोचेस्टर नावाच्या शहरात खेळण्यांचं एक संग्रहालय आहे. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या खेळण्यांना तिथे मानाचं पान मिळतं. त्यांनी २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला, २००८ साली काठीला आणि २०११ साली चक्क पांघरुणाला हा मान दिला. हे वाचलं आणि माझी छाती फुगली. तिन्ही वस्तू घरात होत्या. म्हणजे मी नुसताच काटकसरी नव्हतो, मला शास्त्राचा आधार होता.

काठी अर्ध्या तासात बाद झाली. त्याबद्दल एवढंच सांगतो की हॉलमधल्या दिव्याची जागा आता रिकामी आहे.

पांघरुणाचा तंबू झाला. चार खुर्च्या, दोन चादरी आणि कपडे वाळत घालायचे झाडून सगळे चिमटे. दिसायला देखणा, पण घरात खुर्च्या चारच असल्यामुळे मी उलट्या बादलीवर बसून काम करू लागलो. तेही चाललं असतं. पण माझा चार्जर तंबूत राहिला होता आणि तंबूत शिरायला परवलीचा शब्द लागायचा. सकाळी तो 'वाघ' होता. दुपारी साहेबांबरोबर मीटिंग चालू असताना बॅटरी नऊ टक्क्यांवर आली. मी माईक बंद केला, गुडघ्यांवर बसलो आणि चादरीच्या फटीत तोंड घालून म्हणालो, "वाघ."

"बदलला," आतून थोरलीचा आवाज आला.

"सिंह?"

"नाही."

"जिराफ? हत्ती? अगं, पाणघोडा?"

"बाबा, एका वेळी एकच. आणि चुकलास की दहा मिनिटं थांबायचं."

माईक बंद झालाच नव्हता, हे मला नंतर साहेबांनी सांगितलं. तेही 'पाणघोडा'पर्यंत ऐकल्यावर.

खोकं शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं. ते टाकायला निघाले होते, मी पळत जाऊन मागून आणलं. चार दिवसांत त्याचं जहाज झालं, दवाखाना झाला आणि शेवटी तुरुंग. तुरुंगात कोण होतं ते सुज्ञांस सांगणे न लगे. पण खरं बोलायचं तर तो माझा सुट्टीतला सर्वांत निवांत तास. कैद्याला कुणी खेळायला बोलवत नाही.

मग माझ्यातला गुरुजी जागा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दोघांना एकेक कागद दिला आणि ऐटीत म्हणालो, "कुठलाही कागद सातपेक्षा जास्त वेळा मधोमध दुमडून दाखवा. जगात कुणाला जमलेलं नाही." दर घडीला थर दुप्पट होतात. सातव्या घडीला एकशे अठ्ठावीस थर, म्हणजे हातात कागद राहतच नाही, जाडजूड वही येते. माझा हिशोब असा की दोघं तासभर झटतील आणि मी तेवढ्यात चार मेल पाठवीन.

दहा मिनिटांनी थोरली परत आली. तिनं माझ्याच फोनवर शोधलं होतं. "बाबा, एका मुलीला जमलंय. बारा वेळा."

हे खरं निघालं. ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलीनं २००२ साली कागदाला बारा घड्या घातल्या. त्याचं गणितही तिनंच मांडलं होतं, कागद जितका लांब आणि पातळ तितक्या घड्या जास्त. म्हणून तिनं घेतला होता टॉयलेट पेपर, सुमारे बाराशे मीटर लांब. मी म्हटलं, "वा, हुशार मुलगी!" आणि पुन्हा मेलमध्ये डोकं घातलं.

घरात शांतता पसरली. ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना शांतता म्हणजे काय ते ठाऊक असतं. मी उठेपर्यंत टॉयलेट पेपरची रुळं बाथरूमपासून निघून पॅसेज, हॉल करत बाल्कनीच्या दारापर्यंत पोचली होती आणि धाकटा एका टोकाला साष्टांग पालथा पडून घडी दाबत होता. महिन्याभराचा साठा होता. घडी नववीला अडली आणि तेवढ्यात कुणाच्या तरी पायानं पाण्याचा तांब्या लवंडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गंमत म्हणजे जे खेळ चालले, ते मी शोधलेलेच नव्हते. एका दुपारी वैतागून मी दोघांच्या हातात जुने ब्रश आणि पाण्याची बादली दिली आणि म्हटलं, "जा, बाल्कनीची भिंत रंगवा." नुसत्या पाण्यानं. ओली भिंत गडद दिसते, त्यामुळे रंग लागल्यासारखं वाटतं. भिंतीचं दुसरं टोक येईपर्यंत उन्हानं पहिलं टोक वाळलेलं असतं, की पुन्हा सुरुवात. अडीच तास! तेही तीन दिवस. भिंत इतकी स्वच्छ झाली की आता बाकीच्या तीन मळकट दिसतात.

पण त्या यशानं मी चढलो आणि खजिन्याचा खेळ मांडला. रात्री साडेअकराला बसून दहा चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीत यमक जुळवलेलं कोडं, आणि अंधारात चोरपावलांनी घरभर लपवल्या. सकाळी पहिल्या सहा झरझर सापडल्या. सहावीत लिहिलं होतं, 'रोज सकाळी मलाच शोधती, सुट्टी लागता विसरून जाती.'

"आजी!" धाकटा ओरडला आणि दोघांनी पूजेला बसलेल्या आईला उठवून तिच्या आसनाखाली पाहिलं. मग माझा चष्मा. मग गजराचं घड्याळ, त्याची मागची बाजू खोलून. शेवटी दोघं माझ्याकडे वळली. "बाबा, तूच सांग ना, कुठेय?"

मला आठवेना. रात्री हे यमक जुळल्यावर मला इतका आनंद झाला होता की उत्तर काय धरलं होतं तेच विसरलो. त्या दिवशी घराची अशी झडती झाली की तीन वर्षांपूर्वी हरवलेली कपाटाची किल्ली सापडली. सातवी चिठ्ठी नाही.

मी वरवर हळहळलो. आतून बरंच वाटत होतं, कारण दहावी चिठ्ठी लपवून झाली तेव्हा साडेबारा वाजले होते, मला सडकून भूक लागली होती आणि खजिना, म्हणजे चॉकलेटचा अख्खा डबा, हाताशीच होता. सकाळी नवा आणून ठेवू म्हटलं आणि राहून गेलं. चिठ्ठी नाही तर खजिना नाही. तपास बंद.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. धाकट्याला तिघांनी मिळून उठवलं. खाली बसचा हॉर्न वाजत होता, एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा घरभर सगळेजण शोधत होतो. आईला तो खणाच्या तळाशी सापडला. धाकट्यानं पाय घातला, थांबला, पुन्हा काढला आणि मोजा उलटा करून झटकला.

चिठ्ठी जमिनीवर पडली.

"सापडली!" त्यानं दप्तर खाली टाकलं. "ताई, सातवी सापडली! म्हणजे खजिना अजून घरातच आहे!"

थोरली एका पायात बूट घालून लंगडत आली. हॉर्न पुन्हा वाजला. बायकोनं चिठ्ठी उचलली, वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कसला खजिना रे?"