घड्याळ खरवडू नका, आणि माशी काळीच राहू द्या

रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन. "दादा, आप्पांचं ते चावीचं घड्याळ तुझ्याकडेच आहे ना? त्यातलं थोडं रेडियम हवंय."

आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या घड्याळाची चौकशी कुणी केली नव्हती. आत्ताच कशी आठवण झाली म्हणून विचारलं, तर त्याने एक मेसेज पाठवला. त्याची मुलगी सई नववीत आहे, दीड वर्षापासून 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. पालकांच्या ग्रुपवर आलेला, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असलेला तो मजकूर थोडक्यात असा: पिस्तुलाची पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, भडक रंगवा, स्कोर लगेच वाढतो. नेलपॉलिश चालेल. मागच्या, खाचेच्या साइटलाही दोन ठिपके द्या. सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या घड्याळाच्या काट्यांवरचं रेडियम खरवडून फेविक्विकमध्ये कालवा आणि लावा, अंधारातही दिसेल. ऑलिंपिकवाले हेच करतात, कोच सांगत नाहीत. वय झालेल्यांनाही फायदा. खाली तीन हात जोडलेले.

गुलाबी नेलपॉलिश लावून झालं होतं. रेडियम तेवढं बाकी होतं.

तर आधी रेडियम.

हा शब्द आपल्याकडे फार सैल झालाय. रिक्षामागचं 'आईचा आशीर्वाद' रेडियमचं, गाडीवरची अक्षरं रेडियमची, दुकानाची पाटी 'रेडियम वर्क'. यातल्या कशातही रेडियम नसतं. दिव्याचा उजेड पडला की परत फेकणारं साधं स्टिकर असतं ते. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्यांतही ते नसतं. त्या दिवसाचा उजेड पिऊन रात्री थोडा वेळ चमकतात. म्हणून 'घड्याळातलं रेडियम' म्हटल्यावर कुणाला दचकायला होत नाही. पण साठेक वर्षांपूर्वीच्या आणि त्याआधीच्या कित्येक घड्याळांत जे लावलेलं असे ते खरंखुरं रेडियम, मेरी क्युरीवालं, सतत घातक किरण सोडणारं.

त्याचं काय होतं ते अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावाने पाहिलंय. तिथे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन 'अनडार्क' नावाचा चमकता रंग बनवायची आणि कोवळ्या वयाच्या मुली तो घड्याळांच्या तबकड्यांवर भरायच्या. ब्रशला बारीक टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, तसं त्यांना शिकवलंच होतं. शरीराला रेडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही, त्यामुळे ते जाऊन हाडांत बसतं. मुलींचे दात पडले, जबड्याची हाडं कुजली, कित्येक जणी मेल्या. 1927 मध्ये पाच जणींनी कंपनीवर दावा लावला, 1928 मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी तो रंग शोधणारा साबिन फॉन सोखोकी स्वतःही त्याच किरणांनी झालेल्या रक्ताच्या आजाराने गेला. ज्याने रंग बनवला त्याला तो झेपला नाही, आणि आपण तो जेवणाच्या टेबलावर ब्लेडने खरवडणार!

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात बंदुकांच्या साइटना हा रंग खरोखरच लावत. लावत. पण या प्रकाराची किंमत तेव्हा फारशी कुणाला कळली नव्हती, आपल्याला कळून शंभर वर्षं होत आली.

आता भावाचा प्रश्न: "पण दादा, ते घड्याळ आता चमकतच नाही, मग त्यात काय उरलं असणार?" सगळं उरलंय. त्या रंगात रेडियमसोबत जस्ताचं सल्फाइड असतं. रेडियमचा मारा खाऊन उजेड देतं ते सल्फाइड, आणि काही वर्षांत तेच थकतं. रेडियम थकत नाही. ते निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. म्हणजे जुनं घड्याळ खरवडणाऱ्याला उजेड मिळतच नाही, विष तेवढं मिळतं. काचेआड बंद असेपर्यंत त्यातून सुटणारे अल्फा कण काचही ओलांडत नाहीत. काच काढून पातं चालवलं की भुकटी उडते, ती नाकातोंडात जाते, आणि मग अडवायला मध्ये काहीच नसतं. कुणी हा उद्योग आधीच केला असेल तर निदान केरसुणी किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधा, हात साबणाने धुवा, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

आप्पांच्या घड्याळात खरं रेडियम आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणूनच ते उघडायचं नाही.

आणि मुळात, 10 मीटरच्या रेंजवर अंधारात खेळतं कोण? टार्गेटवर दिवे असतात.

आता नेलपॉलिश. 'भडक रंग म्हणजे अचूक नेम' हे ऐकायला पटतं, म्हणूनच पसरतं. पण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं, म्हणजे आयएसएसएफचं, नियमपुस्तक कुणालाही फुकट वाचता येतं. त्यातली मापं बघा: एअर पिस्तुलाच्या टार्गेटचा काळा गोल 59.5 मिलिमीटरचा, त्यात दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. हात लांब केल्यावर एवढ्याशा टिकलीवर नेम धरायचा, म्हणून बहुतेक नेमबाज गोलाच्या मध्यावर धरतच नाहीत. खाली, पांढऱ्या भागात धरतात. पांढऱ्यावर सगळ्यात कडक काय दिसतं? काळं. तिथे पांढरी माशी विरून जाते आणि गुलाबी माशी फिकट पडते. (माशी म्हणजे पुढची साइट. जुनी माणसं असंच म्हणायची, मला तो शब्द आवडतो.)

दुसरं गणित कडांचं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण 35 सेंटीमीटर असतं. मागच्या खाचेत माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की 10 मीटरवर छर्रा जवळजवळ 29 मिलिमीटर सरकतो. दहाऐवजी सात. अर्धा मिलिमीटर चुकली तर नऊ. सगळा खेळ माशीच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवण्याचा आणि वरची कड मागच्या कडेला जुळवण्याचा. नेलपॉलिशचा थेंब नेमका त्या चौकोनी कडा गोल करतो. वरून तो चमकतो. उजवीकडून उजेड आला की माशीची उजवी बाजू झळकते, डोळा तीच माशी समजून मध्यभागी आणतो आणि छर्रे डावीकडे जातात. मग मूल तासभर स्क्रू फिरवत बसतं, आणि ढग आला की सगळं पुन्हा बिघडतं.

म्हणून टार्गेटवाले आजवर उलटंच करत आलेत. चमक मारायला साइटवर कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरायची, किंवा कापराची. हो, आपला आरतीचा कापूर. जळताना त्याचा जो काळाकुट्ट धूर निघतो, तोच. ऑलिंपिकवाले काय करतात ते हवं असेल तर हे घ्या: स्टायर, मोरिनी, वॉल्थर या स्पर्धेच्या पिस्तुलांवर कारखान्यातूनच मंद काळी, चौकोनी साइट येते. कोच लपवत नाहीत. लपवण्यासारखं काही नाहीच.

रंगाला जागाच नाही असं मात्र म्हणवत नाही, म्हणायला फार आवडलं असतं तरी. पोलिसांच्या पिस्तुलाचं काम वेगळं. तिथे लक्ष्य गडद, उजेड कमी, वेळ नाही. अशा वेळी काळ्यावर काळी माशी सापडत नाही. ग्लॉक पिस्तुलाच्या माशीवर म्हणूनच कंपनीच पांढरा ठिपका देते. रात्रीच्या साइटमध्ये ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी वायू असतो, पण काचेच्या सीलबंद नळीत. कुणी तो फेविक्विकमध्ये कालवत नाही. अशा पिस्तुलावर रंगवायचंच तर तेल पुसून, आधी पांढरा हात, त्यावर भडक रंग, तोही फक्त डोळ्यासमोरच्या पृष्ठावर. वरची कड कोरी आणि मागची साइट काळी. मेसेज मागे दोन ठिपके द्यायला सांगतो. तसे ठिपके काही पिस्तुलांवर असतातही, पण भडक गोष्टी तीन झाल्या की डोळा माशी सोडून मागेच घुटमळतो.

वयाचं म्हणाल तर माझं बावन्न. मलाही माशी धूसर दिसते. चष्मेवाल्याला हाताएवढं अंतर सांगून भिंग बदलून घेतलं, काम झालं.

सईच्या सरांनी सोमवारी ते गुलाबी प्रकरण पाहिलं, काही बोलले नाहीत, बांबूच्या काडीने अर्धा तास खरवडत बसले. पिस्तूल क्लबचं आहे. भावाचा संध्याकाळी परत फोन: "मग ते घड्याळ निदान दुरुस्तीला टाकू का?"

नको म्हटलं. दुरुस्तीवाला बिचारा ते उघडणार, आणि त्याला कुणी मेसेज पाठवलेला नाही.