इग्निशन टायमिंग मुद्दाम कमी ठेवल्याच्या आरोपाबाबत आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय वाचला. इंजिन ट्यूनिंगसाठी दिलेली गाडी ठरलेल्या दिवशी मिळाली नाही, त्यामुळे आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व. आपल्या तक्रारी तीन आहेत: उशीर झाला, ताकद अपेक्षेएवढी वाढली नाही, आणि आपण पुन्हा पैसे देऊन यावे म्हणून आम्ही टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी द्यायची ते) मुद्दाम मागे ठेवले. पहिल्या दोन तक्रारींमागची नाराजी समजते. तिसरी थेट आमच्या प्रामाणिकपणावर आहे आणि इथे चौकशीला येणारा प्रत्येक जण ती वाचणार आहे, म्हणून तिचे सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

उशिराचे कारण तेव्हाच सांगितले होते. हेडरच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरच्या अलीकडे, गळती होती. अशा गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि वाइडबँड मिश्रण प्रत्यक्षापेक्षा लीन (इंधन कमी, हवा जास्त) दाखवतो. त्या आकड्यांवर विसंबून इंधन वाढवले असते तर सगळा मॅपच (इंधन आणि ठिणगीचा संगणकातला तक्ता) चुकला असता. राहिली ताकद. टर्बो (हवा दाबून आत भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच राहतो, लॅपटॉपवरून तो वाढवता येत नाही. आत आलेली हवा नीट जळेल एवढेच ट्यूनिंगच्या हातात असते. आपल्या गाडीचे मिश्रण पूर्ण थ्रॉटलला 11.6 पर्यंत रिच होते (एक भाग इंधनाला वजनाने 11.6 भाग हवा, म्हणजे इंधन जास्त), ते 12.9 वर आणले. त्यातून जे मिळण्यासारखे होते ते मिळाले, आणि टर्बोच्या गाड्यांचे आकडे या इंजिनाला लावता येणार नाहीत हे काम घेण्याआधीच आपल्याला सांगितले होते.

आता टायमिंग. आपण इंटरनेटवरच्या ज्या तक्त्याचा दाखला देता, त्यात पूर्ण थ्रॉटलला 34 अंश आहेत आणि आम्ही 28 वर थांबलो, हे खरे आहे. तो तक्ता सिलिंडरला दोन व्हॉल्व आणि कडेला प्लग असलेल्या जुन्या इंजिनाचा आहे. तिथे ज्योतीला चेंबरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते, म्हणून ठिणगी लवकर द्यावी लागते. आपल्या इंजिनात चार व्हॉल्व आहेत आणि प्लग मधोमध आहे, त्यामुळे जळण लवकर आटोपते. पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा (टीडीसी) ओलांडून क्रँक साधारण 14 ते 16 अंश पुढे गेल्यावर सर्वाधिक दाब यावा, यासाठी ही सगळी खटपट असते. ठिणगी गरजेपेक्षा आधी दिली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो आणि त्याच्या विरुद्ध काम करतो.

आम्ही हे अंदाजाने ठरवलेले नाही. 5,000 आरपीएमवर, मिश्रण आणि पाण्याचे तापमान स्थिर ठेवून, टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढे घेतले. 24 वरून 26 ला टॉर्क स्पष्ट वाढला, 28 ला किंचित वाढला, 30 ला तेवढाच राहिला आणि 32 ला उतरला. हा आलेख गाडीच्या कागदांसोबत दिला आहे, कृपया एकदा उघडून पाहावा. टॉर्क तेवढाच राहत असताना पुढचे अंश घेणे म्हणजे काहीही न मिळवता नॉकचा (मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटण्याचा) धोका पत्करणे. भर उन्हात इंजिनात जाणारी हवा डायनोवरच्या (ताकद मोजायच्या यंत्रावरच्या) हवेपेक्षा गरम असते, तेव्हा हेच राखलेले अंतर पिस्टन वाचवते. यात आम्ही काही शिल्लक ठेवल्याचा आरोप फार लागला.

आपणच लिहिले आहे की गाडी नेल्यावर मित्राच्या लॅपटॉपवरून संपूर्ण तक्त्यात 4 अंश वाढवले आणि तेव्हापासून चढावर इंजिन खडखडते. कमी आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल दिल्यास ज्योतीच्या पुढचे मिश्रण उष्णता आणि दाब सोसत जास्त वेळ थांबते, म्हणून नॉक सर्वांत आधी तिथेच होतो. ही खडखड आम्ही दिलेल्या मॅपची नाही आणि ती आमच्या नावावर लिहिली जाणे आम्हाला मान्य नाही.

यापुढे गाडी देताना आलेख समजावून सांगायला अधिक वेळ देण्याचा आणि तपासणीत उशीर होणार असेल तर लवकर कळवण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपण मात्र आधी आमची मूळ फाइल परत घालावी आणि तोवर चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबू नये. गाडी आणल्यास प्लग काढून पाहू, कारण पांढऱ्या सिरॅमिकवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले तर पिस्टनला इजा होऊ लागली आहे असे समजावे लागेल. या तपासणीचे पैसे घेणार नाही. आलेख पाहून आपली खात्री पटली, तर अभिप्रायातील ती तिसरी तक्रार दुरुस्त करावी, एवढी विनंती आहे.